पाकिटाची मागची बाजू

व्हिटॅमिनची महागाची गोळी घ्यावी की स्वस्तातली, एवढंच तू विचारलंस आणि मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. औषधांच्या काउंटरवर गर्दी होती हे खरं, पण दोन शब्दांत उत्तर दिलं असतं तर तू उद्या टी पॉइंटच्या मेडिकलमध्ये जाऊन नको ती वस्तू योग्य भावात घेऊन आली असतीस. म्हणून आता निवांत बसून लिहितेय. तूही घाईत वाचू नकोस गं, पोरं झोपली की वाच.

आधी सरळ उत्तर देते. औषधाचा परवाना असलेल्या कंपनीची, मागे प्रत्येक घटक आणि त्याची मात्रा नीट छापलेली साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणि टीव्हीवर झळकणारी गोळी, या दोन्हींतलं व्हिटॅमिन एकच असतं. थायमिन कुठल्याही कारखान्यात बनलं तरी थायमिनच. जास्तीचे पैसे जातात ते जाहिरातीला, चकचकीत डब्याला, डॉक्टरांच्या दाराशी बॅग घेऊन उभ्या राहणाऱ्या एमआरच्या पगाराला आणि त्या नावाला. तुझ्या जावेनं मॉलमधून आणलेली मोठी बाटली आणि मेडिकलवाल्यानं तुला दाखवलेलं साधं पाकीट यांत नुसत्या किमतीवरून निवड करायची असेल, तर मी डोळे झाकून त्या बाटलीला हात लावणार नाही. पण साध्या पाकिटालाही तसाच लावणार नाही. आधी ते उलटं करीन.

मागची बाजू वाचायला शीक, राणी. तिथे दोन ओळी असतात. एक, ही गोळी कोणी बनवली. दुसरी, ती कोण विकतं. बऱ्याच वेळा ही दोन नावं वेगवेगळी असतात. हिमाचलातलं बद्दी, उत्तराखंडातलं हरिद्वार, सिक्कीम इथले कारखाने दुसऱ्यांसाठी गोळ्या बनवून देतात. तिथे एकाच छपराखाली मोठ्या नावाचाही माल निघतो आणि कधी न ऐकलेल्या नावाचाही. आपल्या शहराला तर हे कोणी सांगायला नको. वोक्हार्ट, ल्युपिन, अजंता फार्मा यांचे कारखाने चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण या पट्ट्यात आहेत. आपल्या गल्लीतली कितीतरी पोरं तिथे शिफ्टला जातात. औषध हे कोणा नावाच्या पुण्याईनं चांगलं होत नाही, कारखान्यातल्या शिस्तीनं होतं, हे त्यांच्यापैकी कोणीही तुला सांगेल.

आणि या शिस्तीला कायदा आहे. औषध नियमांत शेड्यूल व्ही नावाचा भाग आहे. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळीत कुठलं व्हिटॅमिन कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असावं, ते तिथे लिहिलंय. गोळी पोटात किती वेळात विरघळून सुटी व्हावी, यालाही इंडियन फार्माकोपियात मोजमाप आहे. पातळ आवरणाची गोळी असेल तर अर्धा तास. हे नियम स्वस्त कंपनीला वेगळे आणि महाग कंपनीला वेगळे नाहीत.

आता गंमत बघ, म्हणजे काळजी करण्यासारखी गोष्ट. जावेच्या त्या बाटलीवर बहुतेक औषधाचा परवाना नसेलच. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असेल आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की हे औषधी वापरासाठी नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी ते खाद्य आहे, हेल्थ सप्लिमेंट. ते वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण चौपट पैसे देऊन माणूस समजतो की आपण जास्त जोरदार औषध घेतलं, आणि प्रत्यक्षात औषधाच्या कसोटीतून न गेलेली वस्तू घरी येते. त्या रंगीत, साखर लावलेल्या गमींचंही तेच. लहान पोरांच्या घरात तर त्या नकोतच. पोरगं खाऊ समजून मूठभर खाईल. त्यात लोह असलं तर ते पोराच्या जिवावर बेतू शकतं.

स्वस्ताचं मात्र नीट ऐक, कारण सगळं स्वस्त एका जातीचं नसतं. एक स्वस्त म्हणजे जनऔषधी केंद्रातलं. ही केंद्र सरकारची योजना 2008 साली सुरू झाली. नाव नसलेली, फक्त घटकाच्या नावानं विकली जाणारी औषधं तिथे मिळतात. विक्रीला येण्याआधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायची, अशी त्यांची पद्धत आहे. तरी काही बॅच नापास निघाल्या आणि पुरवठादारांना काळ्या यादीत टाकावं लागलं, हेही घडलंय. पण छापील किंमतच मुळात कमी, हा तिथला खरा फायदा.

दुसरं स्वस्त आमच्या धंद्यातलं आहे, ते तुला बाहेरचा कोणी सांगणार नाही. त्याला आम्ही सरसकट "जेनेरिक" म्हणतो, पण पाकिटावर कंपनीचं छानसं नाव असतं आणि छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असते. दुकानदाराला ते फार कमी भावात पडतं, वर दहावर एक-दोन पाकिटं फुकट अशी स्कीम. मग तो तुला म्हणतो, "ताई, तुमच्यासाठी तीस टक्के कमी." तुला वाटतं स्वस्त पडलं. त्यातला मोठा वाटा त्याच्या गल्ल्यात गेलेला असतो. गोळी बरी असू शकते, पण ती स्वस्त नव्हे. म्हणून किती टक्के सूट मिळाली हे विचारू नकोस. दहा गोळ्यांना हातातून किती रुपये गेले ते बघ आणि जनऔषधीतल्या भावाशी ताडून पाहा. त्यांचं "जनऔषधी सुगम" नावाचं ॲप आहे, घरबसल्या भाव दिसतो.

याच्या उलटा एक प्रकारही आहे. नाव कधी ऐकलेलं नाही, आणि किंमत मात्र सगळ्यांत जास्त. फक्त एकाच दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये मिळणारी गोळी. अशी चिठ्ठी हातात आली की न लाजता डॉक्टरांना विचार, "यातला घटक लिहून द्याल का?" चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि जी मुळीच घ्यायची नाही ती म्हणजे सुटी गोळी. कागदाच्या पुडीतली, बॅच नंबर नाही, तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. "अंगाला लागते", "भूक लागते", "महिन्यात गाल वर येतात" असं सांगून ज्या गोळ्या देतात, त्यांत व्हिटॅमिन नसतं गं, बऱ्याचदा स्टेरॉइड आणि ॲलर्जीची गोळी असते. स्टेरॉइडनं चेहरा सुजतो आणि लोक म्हणतात तब्येत सुधारली. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केली तर माणूस कोसळतो. तुझ्या शेजारच्या त्या नव्या नवरीला कोणी असली पुडी देत असेल तर माझं नाव सांगून थांबव.

मोठ्या नावानं फसवणूक टळते, असं तुला वाटत असेल तर तेही ऐकून ठेव. केंद्राचं औषध नियंत्रण खातं दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी काढतं. 2024 च्या सप्टेंबरात जी यादी आली तिच्यात कॅल्शियम-डी3 च्या गोळ्या होत्या, बी कॉम्प्लेक्स आणि सी असलेल्या कॅप्सूल होत्या. देशभर खपणाऱ्या एका मोठ्या ब्रँडच्या कंपनीनं सांगितलं की तपासलेला माल आमचा नाहीच, आमच्या नावानं कोणीतरी बनावट केलाय. ज्या नावाला भाव असतो, त्याचीच नक्कल होते. म्हणून 1 ऑगस्ट 2023 पासून 300 मोठ्या ब्रँडना पाकिटावर क्यूआर कोड छापणं सक्तीचं केलंय. मोबाइलनं तो उघडून बॅच नंबर जुळतो का ते पाहता येतं. आणि औषध स्वस्त असो की महाग, बिल घेच. बिलावर बॅच नंबर येतो. उद्या काही तक्रार करायची झाली तर अन्न व औषध प्रशासनाला दाखवायला तेवढंच तुझ्या हातात असतं.

झालं गोळीचं. आता तुझं बोलूया.

दुपारी चार वाजले की पाय गळतात म्हणालीस. जिना चढताना धाप लागते, केस मूठमूठ येतात, तोंड सारखं येतं. यातलं कुठलं लक्षण मल्टिव्हिटॅमिनचं आहे? "थकवा आहे ना, मग ताकदीची गोळी" असं आपल्याकडे सगळे म्हणतात. पण थकवा लोहाच्या कमतरतेनं येतो, बी-12 कमी असलं तरी येतो, थायरॉइडनं येतो, साखरेनं येतो आणि रात्री चार-चारदा उठावं लागलं तरी येतो. गोळी कुठल्या भावाची हा प्रश्न फार नंतरचा आहे बाई. काय कमी आहे, हा पहिला.

तुला एक गोष्ट सांगते. मला ती शिकत असताना कळली आणि तेव्हापासून मनात घर करून आहे. 1928 साली ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायका, गिरण्यांत राबणाऱ्या, रक्त पातळ होऊन मरत होत्या. तिनं त्यांच्या घरी जाऊन त्या काय खातात ते पाहिलं. प्राण्यांवर प्रयोग केले. त्या काळी अशा आजारावर यकृताचा अर्क द्यायचे. तो महाग होता. तिनं यीस्टचा साधा अर्क दिला, इंग्लंडात पावाला लावून खातात तो, मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ. बायका भराभर सुधारल्या. 1931 मध्ये तिनं ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. पुढे असंही दिसलं की यकृताचा जो जास्त शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका रक्तक्षयावर रामबाण ठरला होता, तो या बायकांना लागूच पडत नव्हता. कारण त्यांच्यात कमी होतं ते वेगळंच काही होतं. आज आपण त्याला फोलिक ॲसिड म्हणतो, आणि त्याची गोळी काही पैशांत पडते. आपल्याच मुंबईत, आपल्याच बायकांच्या रक्तातून हे जगाला कळलं.

तुझ्यात काय कमी असेल, याचा माझा अंदाज सांगते. पहिलं लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 21 या काळातल्या, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याच्या आधीच्या पाहणीत 48 टक्के होत्या. म्हणजे कमी होण्याऐवजी वाढल्या. निम्म्याहून जास्त बायका. त्यात ताई, मावशी, वहिनी, तू, मी, कोणीही असू शकतं. आपल्या वयाच्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि पुरुषाला 19. पाळीत दर महिन्याला जातं म्हणून आपल्याला जास्त. ताटात मात्र उलटं वाढलं जातं.

आता तू ज्या गोळ्या बघितल्यास त्यांत लोह किती? बिकोसूलच्या कॅप्सूलमध्ये बी गटातली व्हिटॅमिनं आणि सी आहे, लोह नाही. बाजारातल्या कितीतरी मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते नसतं किंवा नावापुरतं असतं. तू वर्षभर ती खाल्लीस तरी हिमोग्लोबिन जागचं हलणार नाही. आणि जिच्यात ते भरपूर आहे ती लाल गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. गरोदरपणात रोज एक, 180 दिवस, बाळंत झाल्यावर पुन्हा 180 दिवस. एरवीही आपल्या वयाच्या बायकांना आठवड्याला एक, असं अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ठरलंय. तुझ्या आशाताईकडे माग. मोठ्या बाळाच्या वेळी तुला मिळालेल्या गोळ्या तू फडताळात ठेवल्या होत्यास ना, "सरकारी आहेत, चांगल्या नसतील" म्हणून? मला आठवतंय. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण तुला ओकाऱ्या होत होत्या म्हणून बोलले नाही.

ती गोळी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, कधी खडा होतो. काळं होणं साधं आहे, घाबरायचं नाही. जेवणानंतर घे, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र आधीही नको, नंतरही तास-दोन तास नको. कॅल्शियमची गोळी घेत असशील तर ती दुसऱ्या वेळेला. दोन्ही एकदम घेतल्या की एकमेकींना अडवतात. याच कारणामुळे "सगळं एकाच गोळीत" हे ऐकायला छान वाटतं, पण पोटात तितकं जमत नाही.

दुसरं बी-12. तुझं सासर माळकरी. अंडं नाही, मटण-मासे नाहीत, आणि तू सगळं मनापासून पाळतेस. मला त्याचं कौतुकच आहे. पण बी-12 झाडपाल्यात नसतं. ते दूध, दही, अंडं, मांस यांतच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे आणि आसपासच्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं होतं, 2006 साली ते छापून आलं. दोन-तृतीयांश जणांत बी-12 कमी. आणि सगळ्यांत जास्त कमतरता कोणाच्यात, तर शहरातल्या मध्यमवर्गीयांत. भूक असलेल्या घरांपेक्षा भरल्या घरात जास्त. रोज गरज केवढी, तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसणार नाही एवढी. पण चहात घातलेल्या पळीभर दुधानं तीही भागत नाही. मोठा पेला भरून दूध आणि जेवणात वाटीभर दही, हे रोज तुझ्या स्वतःच्या ताटात हवं. पोरांना वाढून उरलंच तर, असं नको.

बी-12 ची गोळी घ्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेव. मिथाइलकोबालामिन भारी आणि सायनोकोबालामिन हलकं, असं सांगून महागडं पाकीट देतात. सायनो साधं, टिकाऊ आणि स्वस्त असतं, नेहमीच्या कमतरतेला ते चालतं. लोहाच्या गोळीतही फेरस ॲस्कॉर्बेटची किंमत बघून दबून जाऊ नकोस. फेरस सल्फेट जगभर अजून वापरतात.

आणखी एका बाळाचा विचार आहे म्हणालीस, म्हणून हे जरा जास्त काळजीनं सांगते. फोलिक ॲसिड दिवस राहण्याच्या आधीपासून हवं, रोज 400 मायक्रोग्रॅम तरी. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच बंद होतो, तेव्हा बाईला कळलेलंही नसतं. पण नुसतं फोलिक पुरत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून याज्ञिकांच्या गटानं आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. ज्या आयांच्यात फोलिक भरपूर आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. पुढच्या मधुमेहाची ती पायवाट. म्हणून दोन्ही बघ. आणि मल्टिव्हिटॅमिन असलंच घरात तर मागे व्हिटॅमिन ए किती आहे ते वाच. दिवसाला 10,000 युनिटच्या वरचं व्हिटॅमिन ए पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. इथे "जास्त म्हणजे चांगलं" चालत नाही. व्हिटॅमिन डीच्या 60,000 युनिटच्या पुड्याही तशाच. आठवड्याला एक, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. मैत्रिणीनं घेतली म्हणून आपण वर्षभर दुधात घालून प्यायची वस्तू नव्हे ती. अंगात साठते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो.

तुझ्या यजमानांनाही ती गोळी सुरू करायची म्हणतेस. त्यांना काही त्रास नाही, रिपोर्ट चांगले, मग कशाला? अमेरिकेत सुमारे 3,90,000 निरोगी माणसांवर वीस वर्षांहून जास्त काळ नजर ठेवली होती, 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. आणि त्यांची सिगारेट सुटलेली नाही, हे मला माहीत आहे, तू लपवू नकोस. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला होता. ज्यांना बीटा-कॅरोटिन दिलं (शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं), त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. 1994 ची गोष्ट. चांगलं करायला गेले आणि वाईट झालं. त्यांच्यासाठी तू गोळीवर एक रुपया खर्च करू नकोस. तेवढ्यात त्यांची सिगारेट सुटेल असं काही कर, मी सोबत आहे.

मग पैसे कुठे घालायचे? जाधववाडीचा भाजीबाजार तुझ्या घरापासून किती लांब आहे सांग. सकाळी लवकर गेलीस तर शेपू, मेथी, पालक, चुका, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा, सगळं मोंढ्याच्या भावात. मुंबईच्या गरीब वस्त्यांत 2006 ते 2012 एक मोठा प्रयोग झाला, सहा हजारांवर बायका त्यात होत्या. दिवस राहण्याआधीपासून काहींना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ दिला, काहींना बटाटा-कांद्याचा. पालेभाजीचा खाऊ खाणाऱ्यांत गर्भारपणातला मधुमेह 7.3 टक्के, दुसऱ्या गटात 12.4. गोळी नव्हती गं, खाऊ होता. आपल्या आईनं हिवाळ्यात बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, मेथीची पातळ भाजी आणि वर लिंबाची फोड असं ताट वाढलं, ते असंच बसलेलं गणित होतं. जवसाची चटणी डब्यात असतेच तुझ्या, कारळाचीही कर. फक्त भाजीतल्या लोहाला लिंबाची, आवळ्याची, कच्च्या टोमॅटोची जोड दे. सुक्या चटण्या चांगल्याच, पण ताज्या आंबटाशिवाय त्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही.

पालेभाजीनं सगळं भागेल असंही मी म्हणणार नाही. हिमोग्लोबिन बरंच खाली गेलेलं असेल तर शेपूनं ते चढायचं नाही, गोळीच हवी. तिथे हट्ट नको.

घेतलेली गोळी कुठे ठेवतेस? गॅसशेजारच्या फळीवर ना? तिथून हलव. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नको. बी-1, सी, ए ही व्हिटॅमिनं उष्णतेनं आणि दमटपणानं उतरतात. पाकीट फॉइलचं असावं आणि ते आतल्या खोलीत, कपाटात. मोठी बाटली रोज उघडली की दमट हवा आत जाते, यासाठीही मला ती आवडत नाही. आणि गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द झाली म्हणजे औषध जोरात लागू पडलं, असं तुझ्या सासूबाई म्हणतात ना? तो रिबोफ्लेविनचा रंग. अंगाला लागली त्यापेक्षा जास्तीची बाहेर पडली, एवढंच.

सासूबाईंचं निघालंच आहे तर, त्यांची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. त्या गोळीनं बी-12 कमी होतं. पायाला मुंग्या येतात त्या सगळ्या साखरेच्याच असतील असं धरू नका, त्यांचंही बी-12 बघा. थायरॉइडची गोळी त्या सकाळी घेतात, तिच्या आधी-नंतर चार तास लोह-कॅल्शियम नको.

गल्लीतल्या बचत गटात जी बाई वेलनेसचे डबे घेऊन येते, तिला तोडून बोलू नकोस. तिचंही पोट आहे त्यावर. पण घेऊ नकोस.

या आठवड्यात चिकलठाण्याच्या मिनी घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. रक्ताची सीबीसी कर, लोहासाठी फेरिटिन आणि बी-12 बाहेरून करावं लागलं तर कर, थायरॉइडसाठी टीएसएच कर. एका चांगल्या बाटलीच्या पैशांच्या आसपास बसेल, पण निदान नेम धरून खर्च होईल. जाण्याआधी कुठलीही गोळी सुरू करू नकोस. बी-12 आधीच घेतलंस तर आकडा वर दिसेल आणि खरी कमतरता झाकली जाईल. केसांसाठी तू ज्या बायोटिनच्या गोळ्या घेतेस त्या किमान दोन दिवस आधी बंद कर, त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. आणि हे तिथल्या डॉक्टरांना सांग की मी बायोटिन घेत होते. रिपोर्टचा फोटो पाठव, रात्री कितीही वाजता.